५८.४१ वर अडकलेली भाची आणि माझी एक्सेल शीट



एरवी आपण इथं नोकरी, कोडिंग, इंटरव्ह्यू, पगार असल्या गोष्टी बोलतो. आज विषय एकदम वेगळा आहे. आज आपण पोहण्याबद्दल बोलणार आहोत. थांबा, लगेच पुढचा एपिसोड लावू नका! तुम्हाला पोहता येत नसलं तरी चालेल. ज्याला कुणाला आयुष्यात एकदा तरी वाटलंय की "मी एवढी मेहनत करतोय आणि आकडा जागचा हलत नाही", त्याच्यासाठी हा एपिसोड आहे.

गोष्ट माझ्या भाचीची आहे. म्हणजे माझ्या चुलत बहिणीची मुलगी. न्यू जर्सीत राहते, आत्ता बारावीत आहे. तिला विचारूनच बोलतोय. तिची अट एवढीच, की तिचं नाव आणि शाळेचं नाव घ्यायचं नाही. मान्य.

२०२२ च्या शरद ऋतूत कंपनीनं मला ऑनसाइट पाठवलं. माझी खोली ताईच्या घरापासून गाडीनं दहा मिनिटांवर. त्याच वर्षी भाची नववीत गेली. तिकडे नववी ते बारावी म्हणजे हायस्कूल. तिनं शाळेच्या स्विमिंग टीममध्ये नाव दिलं. ताई आणि दाजी दोघंही नोकरी करणारे, त्यामुळे आठवड्यातले दोन दिवस सकाळी सव्वापाचच्या प्रॅक्टिसला तिला सोडायचं काम मामाकडे आलं. जानेवारीत पहाटे पावणेपाचला गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना मी मनातल्या मनात काय काय बोललोय ते इथं सांगत नाही.

आता तिकडचं थोडं गणित समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. ऑलिंपिकचा तलाव ५० मीटरचा असतो. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजच्या शर्यती बहुतेक २५ यार्डाच्या तलावात होतात. एक यार्ड म्हणजे मीटरपेक्षा थोडं कमी. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, चार लेंथ, तीन टर्न. शाळांच्या स्पर्धेत एका मुलीला वैयक्तिक शर्यती जास्तीत जास्त दोनच मिळतात, बाकी रिले. त्यामुळे कुणाला कुठल्या शर्यतीत उतरवायचं हे कोच फार विचार करून ठरवतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये तिची पहिली शर्यत. १०० यार्ड फ्रीस्टाइल, वेळ १ मिनिट ६.२ सेकंद. तिच्या हीटमध्ये ती शेवटून दुसरी. बाहेर आली, टॉवेल गुंडाळला आणि मला म्हणाली, "मामा, मी बुडाले नाही, हे ठीक झालं ना?"

आणि मग ती सुधारत गेली. नुसतं बघत राहावं अशी. पहिल्या वर्षी तिच्या अंगात ताकद काही फार वाढली नव्हती. पाण्याचा अडथळा कमी झाला होता. आधी ती श्वास घेताना डोकं वर उचलायची, की पाय खाली जायचे. कोचनी ते मोडलं. आधी भिंतीजवळ आली की वेग कमी करून वळायची. नंतर कोलांटी मारून, दोन्ही पायांनी भिंतीला रेटा देऊन, हात कानाला चिकटवून बाणासारखी निघायला लागली. नियमाप्रमाणे फ्रीस्टाइलमध्ये उडीनंतर आणि प्रत्येक टर्ननंतर १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहता येतं. चांगला पोहणारा ती जागा फुकट घालवत नाही. हे सगळं जमलं आणि सेकंद गळायला लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये, म्हणजे दहावीच्या सीझनच्या शेवटी, तिची वेळ होती ५८.४१.

चौदा महिन्यांत जवळजवळ आठ सेकंद! घरी श्रीखंड-पुरी झाली.

आता इथं माझी एंट्री. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आकडे दिसले की माझे हात शिवशिवतात. मी तिच्या सगळ्या वेळा एका शीटमध्ये टाकल्या, ग्राफ काढला, आणि ग्राफमधून एक सरळ रेघ मारली. पुढे काय होईल त्याची. शहाणपणा म्हणून उतार अर्धा धरला, म्हणजे अगदीच हवेत नको. तरी रेघ सांगत होती की बारावीच्या फेब्रुवारीत वेळ येईल साधारण ५२.

जेवणाच्या टेबलावर मी ते लॅपटॉपवर सगळ्यांना दाखवलं. दाजींचे डोळे चमकले. त्यांनी लगेच फोनवर शोधायला सुरुवात केली, ५२ सेकंदवाल्या मुली कुठल्या कॉलेजात जातात. "डिव्हिजन वन! स्कॉलरशिप!" ताई म्हणाली, "अहो, आधी तिला जेवू द्या." भाची काही बोलली नाही. पुरी खात होती. पण रेघेकडे बघत होती.

नियम असा आहे की दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून डिव्हिजन वनचे कोच पोहणाऱ्या मुलांशी थेट संपर्क करू शकतात. १५ जून २०२४ ला दाजी दिवसभर तिच्या फोनकडे बघत होते. एकही फोन आला नाही. येणारही नव्हता. थोडा अंदाज देतो. त्याच वर्षी मार्चमध्ये कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या ग्रेचेन वॉल्शनं हीच १०० यार्डाची शर्यत ४४.८३ सेकंदांत मारली. ती भिंतीला हात लावेल तेव्हा आमची भाची जवळजवळ अख्खी एक लेंथ मागे असेल.

मग अकरावी. आणि इथं गोष्ट अडकली.

डिसेंबर, ५८.९. पुढच्या आठवड्यात ५८.६. जानेवारी, ५९.१. परत ५८.७. ती तितकीच मेहनत करत होती, खरं तर जास्तच. मी शीटमध्ये आकडे टाकत होतो. माझी रेघ खाली चालली होती आणि तिचे ठिपके आडवे. दोघांमधली फट दर आठवड्याला वाढत होती. घरी वातावरण बदललं. शर्यतीनंतर पहिला प्रश्न "किती?" आणि उत्तर ऐकून दाजींचं "हं." दाजी वाईट माणूस नाहीत हो. पण त्या "हं" मध्ये काय असतं ते आपल्या सगळ्यांना माहिती आहे. दहावी-बारावीचा निकाल लागतो तेव्हा ऐकलेलं असतं. मग हळूहळू दुसरं बोलणं सुरू झालं. एसएटीची परीक्षा आहे, कॉलेजचे अर्ज आहेत, आठवड्याचे अठरा तास पाण्यात घालवायचे तर त्यातून काहीतरी निघायला हवं ना?

जानेवारी २०२५. पहाटे पाच. गाडीत ती आणि मी. हीटरचा आवाज. अचानक म्हणाली, "मामा, ती शीट डिलीट कर ना."

मी म्हटलं, "का गं?"

"रेस संपली की मी बोर्डकडे बघते ना, तर मला माझा टाइम दिसतच नाही. तुझी लाइन दिसते. पाण्यातून बाहेर यायच्या आधीच मला कळतं बाबा घरी काय बोलणार."

मी गप्प. काय बोलणार? आणि मग ती म्हणाली ते मला अजून टोचतं. "आणि तुला माहितीये, मी फाइव्ह हंड्रेडमध्ये सोळा सेकंद कमी केलेत? त्याचा कॉलम तरी आहे का तुझ्याकडे?"

नव्हता.

मंडळी, मला खरंच लाज वाटली. सीझनच्या सुरुवातीला कोचनी तिला ५०० यार्ड फ्रीस्टाइलमध्ये टाकलं होतं. वीस लेंथ, एकोणीस टर्न. एवढी लांब शर्यत की पोहणाऱ्याला मोजता येत नाही म्हणून टीममधली एक मुलगी समोरच्या भिंतीपाशी बसून आकड्यांची पाटी पाण्यात बुडवून दाखवते. कोचना दिसलं होतं की ही मुलगी सुरुवातीला फार वेगवान नाही, पण शेवटी मंदावतही नाही. तिची वेळ ५ मिनिटं ५२ सेकंदांवरून ५:३६ वर आली होती. ती थांबली नव्हतीच! मी चुकीचा आकडा मोजत बसलो होतो. का? तर १०० मीटर, १०० यार्ड हे टीव्हीवर दिसतं, सगळ्यांना कळतं, आणि ५०० कंटाळवाणी वाटते म्हणून मी त्या वेळी कॉफी आणायला जायचो. खरंच जायचो.

त्या रात्री मी शीट उघडली. डिलीट करायच्या आधी एक गंमत केली. उतार अर्धा न धरता मूळचीच रेघ पुढे नेली. उत्तर आलं, बारावीत ४५ सेकंद. म्हणजे माझ्या गणिताप्रमाणे भाची ग्रेचेन वॉल्शच्या शेजारच्या लेनमध्ये! बीटेकला चार वर्षं काय केलं मी?

रेघ का चुकली ते सांगतो, कारण हे सगळ्यांच्या कामाचं आहे. पाण्यात वेग वाढला की अडथळा साधारण वेगाच्या वर्गानं वाढतो, आणि लागणारी ताकद साधारण घनानं. म्हणजे शैली तीच ठेवून वेग १० टक्के वाढवायचा असेल तर ताकद जवळपास ३३ टक्के जास्त लागते. ५८.४१ वरून ५२ वर यायचं तर वेग साधारण १२ टक्के वाढवायचा आणि ताकद साधारण ४० टक्के. पहिले आठ सेकंद चुका दुरुस्त करून मिळाले होते. मोठ्या चुका संपल्या की ती खाण बंद होते. पुढचा प्रत्येक सेकंद स्नायू, दम आणि बारीक बारीक दुरुस्त्यांमधून येतो, आणि तो महाग असतो. त्यात पंधरा-सोळाव्या वर्षी शरीर बदलत असतं, बऱ्याच मुलींच्या वेळा त्या वयात काही काळ थांबतात. हे कुठल्याही अनुभवी कोचला माहिती असतं. मामाला नव्हतं, आणि मामानं विचारलंही नव्हतं.

इथं माझं थोडं सांगतो. मी कोल्हापूरचा. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. २००८ मध्ये आमच्या गावचा वीरधवल खाडे सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकला गेला, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराला वाटत होतं की पुढचा नंबर आपला. २०१० ला त्यानं आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ आणलं. पोहण्यात भारताला चोवीस वर्षांनी पदक. मीही तलावावर जायचो, जिल्ह्यापर्यंत पोहलो. मग दहावी आली. "दहावीचं वर्ष आहे, पोहणं नंतर कर." ते नंतर आलंच नाही. अकरावी-बारावी क्लास, मग बीटेक, कॉलेजला तलाव नाही. मी वाईट होतो म्हणून थांबलो नाही. चांगला होतो म्हणूनही चालू ठेवलं नाही. नुसतं विरघळून गेलं.

म्हणून तिकडची कॉलेजची व्यवस्था बघून मला हेवा वाटतो. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा आहेत, खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धाही आहेत, पण साध्या, मधल्या पातळीच्या मुलाला अभ्यास सांभाळून चार वर्षं टीममध्ये राहता येईल अशी जागा सहज मिळत नाही. तिकडे मिळू शकते. फक्त ती जागा कुठं असते ते आपल्या लोकांना नीट माहिती नसतं. दाजींसारखं सगळ्यांना वाटतं की पोहलं की कॉलेज फुकट.

तर ऐका. एनसीएएमध्ये तीन डिव्हिजन आहेत. डिव्हिजन वन आणि टू खेळासाठी स्कॉलरशिप देऊ शकतात. देऊ शकतात, देतातच असं नाही. आयव्ही लीगची कॉलेजं डिव्हिजन वनमध्ये असूनही खेळाची स्कॉलरशिप देत नाहीत. आणि बाकीच्यांकडेही बरीच वर्षं डिव्हिजन वनच्या एका मुलींच्या टीमला पूर्ण स्कॉलरशिप जास्तीत जास्त १४, मुलांच्या टीमला ९.९ एवढीच मर्यादा होती, आणि ती टीममध्ये तुकडे करून वाटली जायची. जून २०२५ मध्ये कोर्टातल्या एका मोठ्या तडजोडीला मंजुरी मिळाली आणि नियम बदलले. त्यात सामील झालेल्या कॉलेजांसाठी स्कॉलरशिपची मर्यादा गेली, पण टीममध्ये एकूण किती जण ठेवायचे त्यावर मर्यादा आली. म्हणजे वरच्या मुलांना पैसा जास्त मिळू शकतो, पण स्कॉलरशिप न घेता टीममध्ये शिरणाऱ्या मधल्या मुलांना दार अरुंद झालं.

आणि तिसरी डिव्हिजन. सगळ्यांत जास्त कॉलेजं इथं आहेत. इथं खेळासाठी एक डॉलरही मिळत नाही. मार्कांवर आणि घरच्या परिस्थितीवर मदत मिळते. हे ऐकून दाजी म्हणाले, "मग उपयोग काय?" मी त्यांना नावं वाचून दाखवली. एमआयटी. शिकागो विद्यापीठ. एमरी. कार्नेगी मेलन. दाजी खुर्चीत सरळ बसले. "हे डिव्हिजन थ्री?" हो दाजी, हे डिव्हिजन थ्री. आणि थ्री म्हणजे हळू असंही नाही. ओहायोमधल्या केनियन कॉलेजच्या मुलांच्या टीमनं १९८० पासून सलग ३१ वर्षं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं होतं. तिथं आमच्या भाचीला कुणी उभंही करणार नाही. पण त्याच डिव्हिजनमध्ये अशीही कॉलेजं आहेत जिथं तिची वेळ टीमच्या उपयोगी पडेल.

ती कशी शोधायची? हे काम मात्र इंजिनिअरचं. भाची आणि मी मिळून केलं, आणि या वेळी शीट तिची होती. प्रत्येक कॉलेज कुठल्या ना कुठल्या कॉन्फरन्समध्ये असतं. त्या कॉन्फरन्सच्या स्पर्धेचे निकाल सगळ्यांना बघायला खुले असतात. गेल्या वर्षी अंतिम फेरीत शेवटची आलेल्या मुलीची वेळ बघायची, आणि आपली वेळ शेजारी लिहायची. बस. स्वप्नाचा आणि घाबरण्याचा दोन्हींचा धूर खाली बसतो. समोर उरतं ते एवढंच, की इथं मी आज बसते, इथं सहा सेकंद लागतील, इथं नाव घेऊ नये.

आणि तिनं एक कॉलम स्वतः टाकला, जो मला सुचला नसता. "पोहायचं बंद झालं तरी मला इथं राहायला आवडेल का?" खांद्याला दुखापत झाली, टीममधून काढलं, कंटाळा आला, तरी हे कॉलेज, हा विषय, हे गाव हवंय का? उत्तर नाही आलं की ती ओळ लाल. कितीही चांगली टीम असो.

आता सध्याची परिस्थिती. मी २०२५ च्या उन्हाळ्यात पुण्याला परत आलो. ती बारावीत. उन्हाळाभर तिनं क्लबमध्ये ५० मीटरच्या तलावात लांब पल्ल्याचा सराव केला, वजनं उचलली. डिसेंबरमध्ये तिची पहिली मोठी स्पर्धा होती. तिकडे दुपारचे चार, आपल्याकडे रात्रीचे अडीच. मी अंथरुणात फोन धरून लाइव्ह निकालाचं पान परत परत रिफ्रेश करतोय. बायको म्हणाली, "झोपा हो, ती काय तुम्ही जागे आहात म्हणून जोरात पोहणार आहे का?" मुद्दा बरोबर होता.

५०० फ्रीस्टाइल. ५:२४.६.

शंभरची वेळ आली ५७.२. माझ्या त्या रेघेच्या पाच सेकंद मागे. आणि खरं सांगू का, मला तो आकडा बघून हसू आलं.

तिनं अकरा कॉलेजांच्या कोचना स्वतः ईमेल लिहिले होते. दाजींनी ड्राफ्ट करून देतो म्हटलं, तिनं नको म्हटलं. चार जणांनी उत्तरच दिलं नाही. तिघांनी छान शब्दांत नाही म्हटलं. तिघांनी फॉर्म भरायला सांगितलं. आणि एका कोचनी एकच ओळ पाठवली, की तुझ्या ५०० चे प्रत्येक शंभराचे स्प्लिट पाठव. म्हणजे कुणीतरी नुसती शेवटची वेळ बघत नव्हतं, ती कशी पोहते ते बघत होतं. तिनं पाठवले. शेवटचे शंभर तिनं मधल्या तीनशेपेक्षा वेगानं मारले होते. त्यावर कोचनी व्हिडिओ कॉल ठरवला.

काय होईल? माहीत नाही. निकाल मार्चअखेरपर्यंत कळतील. प्रवेश मिळेल, टीममध्ये जागा मिळणार नाही, असंही होऊ शकतं. मी तिला विचारलं, "नाही झालं तर?" ती म्हणाली, "मग क्लब टीममध्ये पोहेन. पण मामा, मला थांबायचं असेल तेव्हा मी थांबेन. तू दहावीत थांबलास तसं नाही."

हे तिनं कधी ऐकलं होतं देव जाणे. ताईनं सांगितलं असणार.

तर मंडळी, तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं पोरगं असेल, पोहणारं, पळणारं, तबला वाजवणारं, कोडिंग करणारं, तर मामाची एक विनंती. स्पर्धेनंतर पहिला प्रश्न "किती?" असा विचारू नका. मी आता "पाणी कसं होतं?" विचारतो. ती बोलायला लागते, आणि आकडा आपोआप तिसऱ्या-चौथ्या वाक्यात येतो. आणि तुम्ही स्वतःच कुठं अडकला असाल, तर जरा बघा, की तुमचा फाइव्ह हंड्रेडचा कॉलम कुणी भरलाय का. नसेल, तर आज तुम्हीच भरा.

मी गेल्या महिन्यापासून इथल्या एका तलावावर जायला लागलोय. १०० मीटरला किती वेळ लागतो ते अजून मोजलेलं नाही. दम लागतो, एवढं मात्र नक्की सांगतो.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमचा असा अडकलेला आकडा कुठला, ते मला नक्की लिहून पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!